उताराची खुर्ची

श्रीरंगने तिकडून नुसता फोटो पाठवला :
तळं, धुकं, काठावर लाकडाच्या दोन खुर्च्या,
कोणीच न बसलेल्या.
खाली एक ओळ, मावशी, असली एक करून घे अंगणात.

छत्तीस वर्षं मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात
ड्रॉइंग-बोर्डपुढे स्टुलावर काढली, पाठ न टेकता.
तेव्हा फोटोवरून आराखडा काढणं सोपं गेलं.
बसायचं कसं, ते मात्र कागदावर येईना.

जसुभाई सुताराने कागद उलटा धरला, सुलटा धरला.
"कुमुदबेन, आ तो पडी गई छे."
बैठक मागे घसरलेली, पाठ त्याहून मागे,
हात एवढे रुंद की पोळपाट मावावा.

मग मी त्याला वाचलेलं सांगितलं,
ऐकीव धरा हवं तर :
शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, डोंगरातल्या तळ्यावर
सुट्टीला आलेल्या कुणा एकाला
बाहेर बसायला धड काही मिळेना.
त्याने फळ्या ठोकल्या, घरच्या एकेकाला बसवलं,
उठवलं, खिळे उपटले, परत बसवलं.
सगळ्यांची पाठ गप्प झाली तेव्हा थांबला.
एका फळीतून अकरा तुकडे, बस.
जमीन उतरती, म्हणून खुर्ची मागे कललेली.
उतारावर ठेवली की माणूस सरळ.

जसुभाईने दाराबाहेर बघितलं.
बडोद्यात उतार कुठला?
आमची विश्वामित्रीसुद्धा उताराची वाट बघत नाही,
मगरीला घेऊन सरळ घरात येते.

लाकूड त्यानेच आणलं.
परदेशी मशिनं ज्या खोक्यांतून येतात
त्या खोक्यांचं पाइन,
भंगारवाल्याकडून, किलोवर.
रंधा फिरला तसा वास सुटला,
इथलं कुठलंच झाड देत नाही असा.
एका फळीवर काळा बाण उरला होता : ही बाजू वर.
"घासून काढू?"
राहू दे म्हटलं.
आता तो खुर्चीच्या डाव्या हातावर आहे,
शेजाऱ्यांच्या गॅस सिलिंडरवर रोखलेला.

अलकापुरीतल्या कॅफेत हल्ली अशाच ठेवतात,
प्लास्टिकच्या, पोपटी, गुलाबी.
पोरं बसतात, फोटो काढतात, जातात.
मी हसायच्या तयारीत होते.
पण परवा एक मुलगी फोटो काढून झाला तरी उठेना.
गळ्यात ऑफिसचं कार्ड,
रुंद हातावर फोन थरथरत
कॉफीच्या कपाकडे सरकत चाललेला.
तिने तो पालथा घातला
आणि डोळे मिटले, तिथेच, रस्त्यावरच्या धुळीत.
या खुर्चीतून पटकन उठता येत नाही.
दुकानदार हे सांगत नाहीत.
लोक बहुतेक त्यासाठीच घेत असावेत.

खुर्ची झाली त्या संध्याकाळी
मी चहा आणि लीलो चिवडा घेऊन बाहेर आले,
तर जसुभाई बसून बघत होता.
चाळीस वर्षं गावाला बसवणारा हा माणूस
स्वतः दुकानात फरशीवर उकिडवा,
पायाच्या अंगठ्याखाली फळी दाबून.
पाठ टेकली. मग मान.
काही बोलायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.
वर वायरी, वायरीत उत्तरायणाचा एक सांगाडा,
आणि मग त्याच्याही वर.

उतार नव्हता ना,
म्हणून खुर्चीचा सगळा कल
आभाळाच्या वाट्याला आलेला.

चहावर साय धरली.
शेवटी दोन्ही हात धरून मी त्याला ओढून काढलं,
लाजला, शर्टवरचा भुसा झटकला,
पैसे मोजले, पिशवी उचलली,
आणि फाटकातून मागे वळून म्हणाला,
"कुमुदबेन, फोटामां तो बे हती."

खोकी संपली असतील आता, मी म्हटलं.

"मशीन तो आव्यां करे."